हसण्याचा हिशेब

ऑगस्ट २०१९ मधील एक सकाळ मला अजून आठवते. महाविद्यालयाच्या प्राध्यापक कक्षात वृत्तपत्राच्या पानांची रोजची वाटणी चालू होती. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चष्मा सावरून बातमी मोठ्याने वाचली. मराठवाड्यात कृत्रिम पाऊस पाडण्यासाठी विमान चिकलठाण्याच्या विमानतळावर दाखल झाले होते, विभागीय आयुक्त कार्यालयाच्या गच्चीवर रडार बसले होते आणि राज्य सरकारने या कामासाठी तीस कोटी रुपये मंजूर केले होते. वाचन पुरे होण्याच्या आतच पहिला शेरा आला, "उद्यापासून छत्री आणावी की रेनकोट?" दुसरे म्हणाले, "इथे ढग मिळाले नाहीत तर सांगलीहून आणतील, तिकडे जास्त झाले आहेत." त्या आठवड्यात सांगली-कोल्हापूर महापुरात बुडाले होते आणि आमच्याकडे पिके माना टाकीत होती. कक्षात हशा पिकला. त्यात माझाही आवाज होता, हे आरंभीच नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस अवकाळी पावसाने काढणीला आलेली पिके आडवी केली, तेव्हा "विमान बंद करायला विसरले" असा नवा विनोद रूढ झाला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये याच शहरातून असाच प्रयोग झाला होता, आणि तेव्हाही विनोद जवळपास हेच होते. विज्ञानाची बातमी आली की तिच्यामागोमाग शेरा येतो, ही आता आपल्याकडील रीतच झाली आहे. चंद्रावर यान निघाले की "आधी रस्त्यावरचे खड्डे बुजवा." हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहावयाच्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली की "आधी नळाला पाण्याची लहर येऊ द्या." हवामान खात्याने पावसाचा इशारा दिला की "आज कपडे बिनधास्त वाळत घाला." वाचकांच्या पत्रव्यवहारात, चहाच्या टपरीवर, कचेरीतल्या मधल्या सुट्टीत हीच वाक्ये थोड्याफार फरकाने ऐकू येतात. प्रश्न असा की, या उपरोधाचे करायचे काय? तो अज्ञान म्हणून झटकून टाकावा, की जनतेचे शहाणपण म्हणून डोक्यावर घ्यावा?

माझ्या मते दोन्ही उत्तरे आळशीपणाची आहेत.

उपरोध करणारा माणूस अडाणी असतो, असे मानण्याचा मोह विज्ञानाच्या प्रचारकांना वारंवार होतो. मराठवाड्यापुरते तरी ते खरे नाही. ज्या प्रदेशातील लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशातील माणसाला पाण्याचे मोल विज्ञानाच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. पहिल्या गाडीत दहा टाक्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. त्या पाण्याकडे पाहणाऱ्या माणसाने आयुष्यभर योजनांच्या घोषणा ऐकलेल्या असतात. घोषणा आणि घागर यांतले अंतर त्याला पाठ झालेले असते. अशा माणसाने आकाशातल्या विमानाकडे पाहून हसावे यात अनुभवाचा मोठा वाटा आहे. त्याच्या हसण्यात एक रास्त प्रश्नही दडलेला असतो: या पैशांतून मला नेमके काय मिळणार? अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही ज्याला संधी खर्च म्हणतो तो याहून वेगळा नाही. एका कामावर घातलेला रुपया दुसऱ्या कोणत्या कामावरून काढून घेतला, हे विचारण्याचा अधिकार करदात्याला आहेच.

दोष प्रश्नात नाही. दोष असा की, हसून झाल्यावर आपण उत्तराची वाट पाहात नाही. शेरा मारला की प्रश्न विचारल्याचे समाधान मिळते आणि उत्तर मिळविण्याचे कष्ट वाचतात. ही गोष्ट मला ज्या प्रसंगाने कळली तो सांगितला पाहिजे.

त्याच पंधरवड्यात पदवी वर्गाला मी संधी खर्च शिकवीत होतो. उदाहरण आयतेच हाती होते. तीस कोटींचे विमान, कोरडे आकाश आणि गावोगावचे टँकर यांची सांगड घालून मी एक विनोद केला, वर्ग हसला, आणि शिकविणे रंगल्याचे समाधान मला लाभले. तास संपताना पैठण तालुक्यातील एका खेड्यातून येणारा मुलगा उभा राहिला. तो म्हणाला, "सर, ज्या ढगांत फवारलं नाही, त्यांतून किती पाऊस पडला?" काही मुले पुन्हा हसली. त्यांना वाटले, तोही विनोदच करतो आहे. तो विनोद करीत नव्हता. त्याच्या घरी चार एकर सोयाबीन उभे होते आणि ते फुलोऱ्यात आले होते.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. सर्व बाबींचा विचार करता, त्या काळात या विषयावर ऐकलेले सर्वांत शास्त्रीय वाक्य तेच होते. बातम्यांतून वाचकाला एवढेच कळे की अमुक दिवशी विमानाने उड्डाण केले, अमुक तालुक्यांवर फवारणी झाली आणि नंतर तेथे इतके मिलिमीटर पाऊस पडला. शेजारचा ढग, ज्याला विमानाने स्पर्शही केला नाही, तो बरसला की कोरडाच निघून गेला, हे बातमीत नसे. ते कळल्याशिवाय "विमानामुळे पाऊस पडला" हे विधान आणि "विमानामुळे पाऊस पळाला" हा विनोद या दोहोंची किंमत सारखीच ठरते. सरकारने यशाचा दावा करावा, आम्ही त्यावर हसावे, आणि दोघांपैकी कोणाजवळही पुरावा नसावा, असा तो सारा व्यवहार होता.

वास्तविक या विद्येचा इतिहास पाऊणशे वर्षांचा आहे. १९४६ साली अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी विमानातून ढगात कोरडा बर्फ टाकून हिमकण तयार करून दाखविले. त्यानंतर बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडच्या कणांचा उपयोग शोधून काढला. त्या कणांची स्फटिकरचना बर्फाच्या रचनेशी मिळतीजुळती असल्याने थंड ढगातील पाणी त्यांच्यावर गोठते. आपल्याकडील बरेचसे ढग उष्ण असतात, म्हणजे त्यांतील पाणी गोठणबिंदूच्या वरच असते. तेथे मिठासारखे पाणी शोषून घेणारे कण सोडतात. कणाभोवती पाणी जमते, थेंब मोठा होतो, इतर थेंबांना गिळतो आणि वजनाने खाली येतो. या वर्णनातच मर्यादाही स्पष्ट आहे. विमान ढग निर्माण करीत नाही. आलेल्या ढगाला, तो योग्य जातीचा असेल तरच, थोडे अधिक पिळून काढता येते. निरभ्र आकाशाच्या दुष्काळात ही विद्या निरुपयोगी आहे, आणि आमच्याकडे तिची आठवण नेमकी तेव्हाच होते.

त्या विद्यार्थ्याचा प्रश्नही नवा नव्हता. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी तो फार पूर्वी विचारला होता. १९७३ ते १९८६ या काळात त्यांनी बारामतीच्या परिसरात अकरा पावसाळे विमानाने उष्ण ढगांत मीठ टाकण्याचा प्रयोग केला. दोन प्रदेश आखून घेतले, मध्ये मोकळा पट्टा ठेवला आणि कोणत्या दिवशी कोणत्या प्रदेशावरील ढगांत मीठ टाकावयाचे हे यदृच्छेने ठरविले, म्हणजे प्रयोगकर्त्याच्या आवडीनिवडीला वाव राहिला नाही. अकरा वर्षांच्या हिशेबात पावसात सुमारे चोवीस टक्के वाढ आढळली. बारामती आमच्यापासून फार दूर नाही. तरीही आमच्या हास्यविनोदात त्या अकरा पावसाळ्यांचा उल्लेख कोणी केला नाही.

याहून खेदाची गोष्ट पुढेच आहे. आम्ही प्राध्यापक कक्षात हसत होतो त्याच पावसाळ्यात, येथून तीनशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या सोलापूरच्या आकाशात याच संस्थेचे विमान शांतपणे काम करीत होते. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत २७६ ढगांचा अभ्यास झाला. त्यांतील काहींत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले, काही मुद्दाम तसेच ठेवले, आणि कोणते फवारावयाचे हे पुन्हा यदृच्छेनेच ठरले. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. फवारलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेकडील सुमारे शंभर चौरस किलोमीटर परिसरात पाऊस सरासरी अठरा टक्क्यांनी अधिक झाला. प्रत्येक ढगाला उपाय लागू पडतो असे मुळीच नाही, हेही शास्त्रज्ञांनी सांगितले. अशा रीतीने मिळालेल्या पाण्याचा खर्च त्यांनी लिटरला अठरा पैसे काढला. ज्या प्रश्नावर आम्ही चार वर्षांपूर्वी पोट धरून हसलो होतो, त्याचे उत्तर छापून आले. त्या दिवशी प्राध्यापक कक्षात कोणी हसले नाही, कारण ती बातमी कोणी मोठ्याने वाचलीच नाही.

त्या अठरा पैशांचा हिशेब मी नंतर वर्गात मांडला. वाचकांनीही तो करून पाहावा. एका हेक्टरवर दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी. अठरा पैशांच्या दराने त्याचे अठरा हजार रुपये होतात. तीस कोटी रुपयांत याच दराने सुमारे १६७ कोटी लिटर पाणी मिळेल, म्हणजे १.६७ दशलक्ष घनमीटर. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर आहे. त्याचा हा हजारावा भागही होत नाही. शिवाय हे पाणी घागरीत पडत नाही. ते रानावर, रस्त्यावर, खडकावर सारखेच पडते आणि त्यातले बरेचसे उडून जाते. म्हणजे दुष्काळावरचा इलाज म्हणून हा प्रयोग पुढे करणे ही अतिशयोक्ती होती, असे हिशेब सांगतो. परंतु फुलोऱ्यातल्या पिकाला नेमक्या आठवड्यात एक सर मिळाली तर तिचे मोल लिटरच्या दराने मोजता येत नाही, हेही तोच हिशेब शिकवितो. कोठे, केव्हा आणि कोणत्या ढगावर, हा खरा धोरणाचा प्रश्न आहे. त्याची चर्चा करण्यासाठी विनोदापेक्षा पेन्सिल अधिक उपयोगी पडते.

हसणे नेहमी चुकतेच, असा माझा दावा नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतातील विमानविद्येवर निबंध वाचला गेला, तेव्हा देशभर टवाळी झाली. ती अनाठायी नव्हती. परंतु त्या विषयाचा खरा निकाल टवाळीने लावलेला नाही. ज्या वैमानिक शास्त्र नामक ग्रंथाचा आधार घेतला जातो, त्यातील वर्णने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच तपासली होती. त्यांनी ग्रंथाचा काळ शोधला, आकृत्या पाहिल्या, गणिते मांडली आणि अशी यंत्रे उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष काढला. टवाळी करणाऱ्यांनी चाळीस वर्षांनी जे मत ठोकून दिले, ते त्यांनी कष्टाने सिद्ध केले होते.

आता उलट बाजूचे उदाहरण पाहा. अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड यांनी अग्निबाण चंद्रापर्यंत पोचू शकेल अशी शक्यता मांडली, तेव्हा जानेवारी १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात त्यांची थट्टा केली. पोकळीत अग्निबाण कशाला रेटणार, एवढे शाळकरी ज्ञानही या गृहस्थांना नाही, असा तो सूर होता. १७ जुलै १९६९ रोजी, माणसे चंद्राच्या वाटेवर असताना, त्या पत्राने दुरुस्ती छापून खेद व्यक्त केला. गोडार्ड १९४५ सालीच निवर्तले होते. एकीकडे थट्टा योग्य ठरली, दुसरीकडे लाजिरवाणी. दोन्हीकडे हसण्याचा आवाज सारखाच होता. खरे आणि खोटे निवडण्याची शक्ती हसण्यात नसते. ती शक्ती मोजणीत असते, आणि मोजणीला वेळ लागतो.

हवामानाच्या अंदाजाचे उदाहरण आम्हा मराठवाडेकरांना अधिक जवळचे आहे. १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रारूप आले आणि मान्सूनचा अंदाज घराघरांत पोचला. २००२ साली सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता, प्रत्यक्षात ८१ टक्के पडला. त्या वर्षी विनोदांचे पीक अमाप आले. परंतु खात्याने पुढच्याच वर्षी प्रारूप बदलले, ही दुसरी बातमी किती जणांच्या लक्षात आहे? चूक कबूल करून पद्धत बदलणे ही विज्ञानाची रीत आहे. आपल्या सार्वजनिक जीवनात ती इतकी दुर्मीळ आहे की तिची दखल घेण्याची आपल्याला सवयच राहिलेली नाही.

२०१७ साली अंदाज ९८ टक्क्यांचा होता आणि देशात ९५ टक्के पाऊस झाला. कागदावर अंदाज जवळजवळ बरोबर ठरला. परंतु त्याच जुलैमध्ये मराठवाड्यात पावसाने दडी मारली होती. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात जाऊन थेट हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. अंदाजावर विसंबून पेरणी केली आणि पैसा मातीत गेला, असे त्यांचे म्हणणे होते. शहरांत या तक्रारीचाही विनोदच झाला. मला मात्र तीत हसण्यासारखे काही दिसत नाही. देशाची सरासरी ही देशाच्या धान्यकोठाराला उपयोगी, एका शिवाराला नव्हे. नदीची सरासरी खोली कमरेइतकी आहे, असे सांगून कोणाला पाण्यात उतरविणे जितके धोक्याचे, तितकेच देशाच्या टक्केवारीवर तालुक्याने पेरणी करणे धोक्याचे. हा भेद अंदाज देणाऱ्याने ठळकपणे सांगावयास हवा होता, बातमी देणाऱ्यानेही सांगावयास हवा होता. पोलीस ठाणे ही त्यासाठी योग्य जागा नसेलही. पण दिंद्रुडला गेलेल्या शेतकऱ्यांनी एक गोष्ट केली जी आम्ही सुशिक्षितांनी केली नाही. त्यांनी हिशेब मागितला. ज्याचे बियाणे मातीत असते त्याला उपरोध परवडत नाही. उपरोध हा बहुधा पगारदाराचा विलास असतो.

हे वाक्य कठोर वाटेल, परंतु ते मी प्रथम स्वतःला लावून पाहिले आहे. आमच्या हसण्याचा लाभ शेवटी कोणाला झाला? तीस कोटी कसे खर्च झाले, किती उड्डाणे झाली, त्यांतून काय सिद्ध झाले, हे विचारणारी पत्रे आम्ही लिहिली असती तर कोणाला तरी उत्तर द्यावे लागले असते. विनोदाला उत्तर द्यावे लागत नाही. किंबहुना कोणत्याही सरकारला टीकेपेक्षा विनोद अधिक सोयीचा असतो. लोक हसले की वाफ निघून जाते आणि फाइल बंद होते. दुसरे नुकसान याहून मोठे आहे. फसव्या दाव्यावर आणि खऱ्या प्रयोगावर आपण सारखेच हसू लागलो की, प्रामाणिकपणे अकरा पावसाळे मोजमाप करणाऱ्या शास्त्रज्ञाला आणि फीत कापून निघून जाणाऱ्या पाहुण्याला आपण एकाच मापाने मोजतो. मग प्रामाणिकपणे मोजण्याचे कारणच कोणाला उरत नाही.

म्हणून शिक्षकांना, कचेरीत काम करणाऱ्या मित्रांना आणि विद्यार्थ्यांना एक साधी विनंती आहे. विज्ञानाची बातमी वाचून हसू आले तर अवश्य हसावे. त्यानंतर तीन प्रश्न कागदावर लिहावेत. कशाशी तुलना करून हे म्हटले आहे? खर्च किती आणि त्यातून एका माणसाच्या, एका हेक्टरच्या वाट्याला काय येते? आणि निष्कर्ष केव्हा, कोठे प्रसिद्ध होणार? ही तीन वाक्ये वाचकांच्या पत्रव्यवहारात नेमाने येऊ लागली तर वार्ताहरही ती विचारू लागतील, आणि मंत्र्यांच्या पत्रकातही त्यांच्यासाठी जागा करावी लागेल. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे. विनोद करायला जितका वेळ लागतो, त्याहून फार अधिक वेळ एक अर्ज लिहायला लागत नाही.

तो पैठणचा विद्यार्थी पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडला. सोलापूरचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा मी त्याला दूरध्वनी केला आणि आकडे वाचून दाखविले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, मग आपल्याकडच्या दोन्ही वेळच्या ढगांचा असा हिशेब कोणी ठेवलाय का?" चार वर्षांनीही तो हसला नव्हता. या वेळी मीही हसलो नाही. दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहावयास बसलो.